घड्याळ फ्रीज उघडल्यापासून सुरू : चिरण्या-सोलण्यासकट अर्ध्या तासाचं जेवण

पावणेसात

नमस्कार मंडळी,

झटपट पाककृतींचे धागे इथे ढिगाने आहेत. तरी नवा काढतेय, कारण त्यांतल्या बहुतेकांचं घड्याळ कढई तापल्यावर सुरू होतं. कांदे चिरलेले, नारळ खवलेला, लसूण सोललेली, कुकर झालेला, आणि मग म्हणे 'फक्त १० मिनिटांत तयार!' शिवाय 'कांदा सोनेरी होईपर्यंत ५ मिनिटं परतावा' लिहिणाऱ्यांचा गॅस मला एकदा बघायचाय. चार कांदे नीट तांबूस व्हायला वीस-पंचवीस मिनिटं सहज लागतात. आच वाढवली की कडा करपतात आणि मधला भाग कच्चाच.

प्रसंग नेहमीचा. संध्याकाळी फोन येतो, "इकडेच आलोय, पाच मिनिटं डोकावून जातो." डोकावणारे चौघं असतात आणि "जेवूनच जा" हे आपल्याच तोंडून निघून जातं.

तर इथले नियम: घड्याळ फ्रीज उघडल्यापासून सुरू. चिरणं, सोलणं, कुकरची वाफ जिरणं सगळं धरून अर्धा तास. सुरुवातीला तोंडात टाकायला काहीतरी, एक मुख्य पदार्थ, एक गोड. घरात दाण्याचं कूट, सुकं खोबरं, गोडा किंवा काळा मसाला, चिंच आणि बेसन आहे असं धरा. ज्यांच्याकडे बेसनही नाही त्यांनी सरळ बाहेरून मागवावं. (हलके घ्या.)

माझ्याकडून पाटवड्या. १ वाटी बेसन दीड ते पावणेदोन वाट्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचं. त्यातच मीठ, हळद, तिखट, चिमूटभर ओवा. कढईत दोन चमचे तेलाची मोहरी-जिरं-हिंगाची फोडणी, त्यात ठेचलेली लसूण-मिरची, त्यावर हे पीठ ओतून मंद आचेवर ढवळत राहायचं. तीन-चार मिनिटांत गोळा कडा सोडतो. झाकण ठेवून दोन दणदणीत वाफा. तेल लावलेल्या ताटात गरम असतानाच वाटीच्या बुडाने थापा, वर खोबरं-कोथिंबीर दाबा, दहा मिनिटांनी वड्या पाडा. पीठ शिजलंय का हे बघायला चमचाभर ताटलीवर टाकायचं. गार झाल्यावर अख्खं उचललं गेलं, बोटाला चिकटलं नाही, की शिजलं. तळायचं काही नाही, वेगळं उकडायचं काही नाही. कोथिंबीर वडीला उकडून, गार करून, कापून, पुन्हा तळा असे चार टप्पे आहेत. ती या धाग्यात बसत नाही. क्षमस्व.

---

तर्रीबाज

पावणेसात, अर्ध्या वड्या बाजूला काढा अन् त्यांचाच रस्सा करा ना. आमच्या नागपूरकडे पाटोडी रस्सा हा पाहुण्यांचा हक्काचा बेत. एकाच पिठात तुमची सुरुवात पण झाली अन् मुख्य पदार्थ पण.

कांद्याची कटकट नकोच. अर्धी वाटी सुकं खोबरं किसून कोरडंच खमंग भाजा, शेवटी त्यातच दोन चमचे तीळ टाका. आठ-दहा लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, थोडं पाणी, मिक्सरमध्ये बारीक. तेल जरा सढळ हाताने. वाटण तेल सुटेपर्यंत परता, चार-पाच मिनिटं. मग आच एकदम कमी करून तिखट आणि काळा मसाला. मोठ्या आचेवर तिखट टाकलं तर जळून काळं पडते, तर्री लाल येत नाही. बाजूला चार-पाच वाट्या पाणी उकळत ठेवलेलं असू द्या, ते ओता, मीठ, सहा-सात मिनिटं खळखळ.

वड्या रश्श्यात उकळायच्या नाहीत. वाटीत वड्या, वरून रस्सा, तेही पान वाढल्यावर. पातेल्यात सोडून ठेवल्या तर त्या रस्सा पिऊन टाकतात अन् पाहुण्यांना पिठलं मिळते.

---

वरणफळ

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं). वाखु (वाचनखूण) साठवली.

---

बत्ता

दोघांच्याही पाकृ चांगल्या आहेत, पण नियम म्हणजे नियम. लसूण सोलायला धरलेत का? माझ्या हाताने आठ-दहा पाकळ्या म्हणजे पाच मिनिटं गेली.

---

पावणेसात

बत्ता, सुरीचं पातं आडवं धरून एकेक पाकळी चेपा, साल आपोआप सुटते. वाटणात किंवा फोडणीत जायचीय, अख्खी राहायची गरजच नाही. मिनिटभराचं काम.

---

सोनचाफा२२

मी तर सुट्टीच्या दिवशी महिन्याची आलं-लसूण पेस्ट करून ठेवते. वर तेलाचा थर देऊन बरणी ओट्यावरच. फोडणीत चमचा टाकला की काम झालं. तेल असल्यामुळे खराब होत नाही.

---

सूक्ष्मदर्शी

सोनचाफा, कृपया ओट्यावर ठेवू नका. तेलामुळे हवा लागत नाही हे खरं, आणि धोका त्यातच आहे. लसूण मातीतली. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू तिच्यावर असू शकतात, आणि त्यांना वाढायला हवा नसलेली, आंबट नसलेली, कोमट जागाच लागते. तेलाखाली नेमकी तीच मिळते. त्याचं विष अत्यंत घातक, आणि वास किंवा रंग बदलेलच असं नाही, त्यामुळे वास घेऊन 'चांगली आहे' म्हणण्यात अर्थ नाही.

फ्रीजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवसांत संपवा. महिन्याची हवी असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये घालून फ्रीझरमध्ये गोठवा. एक वडी म्हणजे साधारण एका भाजीचा ऐवज.

---

बत्ता

मग लसणीचं लोणचं कसं टिकतं हो वर्षभर? ते पण तेलातच असतं.

---

सूक्ष्मदर्शी

लोणच्यात मीठ भरपूर असतं आणि लिंबू किंवा व्हिनेगरचा आंबटपणा. ते दोघं राखण करतात, तेल नव्हे. नुसत्या पेस्टमध्ये दोन्ही नाहीत.

---

सोनचाफा२२

बापरे. बरणी टाकली. ट्रे धुवायला घेतला आहे.

---

खानदेशी_ठसका

शेवभाजीचं नाव अजून कुणीच काढलं नाही? जळगाव-धुळ्याकडे धाब्यावर बसल्यावर ताटात पहिली येते ती हीच. अर्ध्या तासात दोनदा होईल.

रस्सा तर्रीबाजने सांगितला तसाच, फक्त मी त्यात एक कांदा गॅसवर थेट जाळीवर भाजून घालतो. साल काळी होईपर्यंत भाजायचा, आतला मऊ झाला की साल काढून वाटणात. परतत उभं राहायला नको, तो भाजतो तोवर तुम्ही खोबरं किसा. पावणेसात यांची कांद्याची तक्रार त्यावर मिटते असं मला वाटतं.

शेव मात्र जाड आणि तिखट, दुकानात 'भाजीची शेव' म्हणून मागा. भेळेची बारीक शेव अजिबात नको, क्षणात विरघळते. रश्श्यात मीठ हात राखून, कारण शेवेत असतंच. आणि शेव ताटात घ्यायची, पातेल्यात नाही. पहिल्या घासाला कुरकुरीत आणि चौथ्या घासाला मऊ झालेली शेव, दोन्ही मिळाल्या पाहिजेत. ज्यांना सगळी मऊच आवडते त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण त्यांनी मग पिठलं करावं.

---

पावणेसात

जाळीवर भाजलेल्या कांद्याला पूर्ण गुण. माझी तक्रार मागे नाही, पण निम्मी कमी.

---

नव्याने_संसार

बेसिक प्रश्न विचारते, हसू नका. हे सगळं कशाशी खायचं? कणीक मळून चार माणसांच्या पोळ्या करायला मला तासभर लागतो.

---

बत्ता

हसण्यासारखं काही नाही, खरा प्रश्न हाच आहे. बारा-पंधरा पोळ्या अर्ध्या तासात इतर सगळ्याबरोबर होत नाहीत, करणारे दोघं असल्याशिवाय. रस्सा असेल तर पाव आणा, कुणी नाराज होत नाही. नाहीतर भात.

भाताचंही सांगतो. कुकरला तीन शिट्ट्या म्हणजे दहा मिनिटं असं सगळे लिहितात, वाफ जिरायची दहा मिनिटं कुणीच धरत नाही. त्यापेक्षा जाड बुडाच्या पातेल्यात उघडा भात लावा. तांदूळ धुवून, उकळत्या दुप्पट पाण्यात मीठ-तूप घालून टाकायचे, वर उकळी फुटली की बारीक आच, झाकण. बारा-पंधरा मिनिटांत मोकळा होतो. इंद्रायणी असेल तर पाणी थोडं कमी, आणि मोकळ्या भाताची आशाही कमी.

---

आज्जीची_भाजणी

पोळीऐवजी थालीपीठ. भाजणी डब्यात असली की कांदा चिरून, कोथिंबीर, तिखट, कोमट पाणी, पाच मिनिटांत पीठ तयार. दोन तवे लावायचे, एकावर झाकण, दुसऱ्यावर थापणं. आमच्याकडे तर थालीपीठ, लोण्याचा गोळा आणि दही एवढ्यावर जेवण होतं. ज्याला रस्सा हवा त्याने परत यावं.

---

पंचगंगा

कोल्हापूरचा कुणीच आला नाही वाटतं इथं. आमच्या चटणीत (तुमचा कांदा-लसूण मसाला) कांदा, लसूण, खोबरं सगळं आधीच तळून-भाजून कुटलेलं असतंय. म्हणजे तुम्ही वीस मिनिटं ज्याच्यासाठी झगडताय ते काम उन्हाळ्यातच उरकलेलं.

त्यात अंड्याचा रस्सा. अंडी उकडायची न्हाईत, उकडून सोलण्यात पाव तास जातोय. कढईत तेल, एक बारीक चिरलेला टोमॅटो मऊ होईपर्यंत, दोन मोठे चमचे चटणी, दोन चमचे दाण्याचं कूट किंवा खोबरं, गरम पाणी. चांगली उकळी आली की आच मंद करा, अंडं आधी वाटीत फोडा आणि मग रश्श्यात अलगद सोडा. वाटीत यासाठी की एखादं खराब निघालं तर अख्खा रस्सा जायला नको. झाकण ठेवा, पाच-सहा मिनिटं. मध्ये ढवळला तर संपलं. चौघांना आठ अंडी, पाव, चिरलेला कांदा, लिंबू. लई झालं.

---

तर्रीबाज

पंचगंगा, हे भारी आहे. उद्याच.

---

मडगावकार

मासे खाणाऱ्यांसाठी आमच्या गोंयचं किसमूर. सुकीं सुंगटां, म्हणजे सुकी कोळंबी, डब्यात असतेच. डोकी-शेपट्या काढून मंद आचेवर कोरडी भाजायची, कुरकुरीत झाली की हातानेच जाडसर चुरायची. बारीक चिरलेला कांदा, ओलं खोबरं, तिखट, मीठ, चिंचेचा थोडा घट्ट कोळ, वरून चमचाभर कच्चं खोबरेल. कालवणं मात्र जेवायला बसल्यावर. आधी कालवलं तर सगळा कुरकुरीतपणा गेला. साध्या वरणभाताबरोबर हे असलं की दुसरी भाजी मागत नाही कोणी. खिडक्या उघड्या ठेवा, शेजारी विचारायला येतील.

ताजी कोळंबी सोललेली मिळाली तर आगळ (कोकमाचा घट्ट रस), हळद, तिखट, लसूण लावून दहा मिनिटं, रव्यात घोळवून तव्यावर एका बाजूला दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूला तेवढीच. गुलाबी होऊन वळली की उतरवा. 'अजून थोडी शिजू दे' म्हटलं की रबर झालं.

---

बत्ता

कोळंबी सोलण्याचा वेळ धरला का?

---

मडगावकार

'सोललेली मिळाली तर' असं लिहिलंय, बत्ताशेठ. :)

---

हडसनकाठची

इकडे न्यू जर्सीत पाहुणे सांगून येतात, अर्धा तास आधी सांगून. :) माझं उत्तर दडपे पोहे. गोठवलेलं खवलेलं खोबरं फ्रीझरमध्ये कायम, पिशवी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवली की मोकळं होतं. कांदा, कोथिंबीर, मिरची, खोबरं, लिंबू, मीठ, साखर एकत्र चुरायचं, म्हणजे रस सुटतो. त्यात पातळ पोहे, न भिजवता. नारळाचं पाणी असेल तर शिंपडा, नसेल तर साधंच, हबका मारल्यासारखं. वर ताटली आणि जड वजन, दहा मिनिटं. शेवटी फोडणी आणि कुस्करलेला पापड. गॅस लागतो तो फक्त फोडणीपुरता.

पण गोडाचं अजून कुणीच काही लिहिलं नाही. इथे चक्का कुठला मिळायला, पण ग्रीक योगर्ट मिळतं. सगळ्यांत जास्त फॅटवालं घ्या. चक्क्याला साखर जवळजवळ बरोबरीने घालायची आपली पद्धत, याला निम्मी पुरते, नाहीतर पातळ होतं. ती पण दळलेली. वरून दोन-तीन चमचे दुधाची पावडर, ती जास्तीचं पाणी ओढून घेते. गरम दुधात चुरलेलं केशर, वेलची, किसलेलं जायफळ. पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये. श्रीखंड म्हणूनच वाढते, अजून कुणी हटकलेलं नाही.

---

आज्जीची_भाजणी

गोडाला शिरा आहेच की. एक सूचना करते: एकदा बसून किलोभर रवा कोरडाच मंद आचेवर नीट भाजून डब्यात भरा. किड्यांपासून टिकतो आणि उपम्यालाही होतो. मग शिऱ्याला तूप गरम करून रवा दोन मिनिटं परतायचा, दुप्पट-अडीचपट उकळतं दूध-पाणी, मुरलं की साखर. दूध-पाणी उकळतंच हवं, गार ओतलं तर गुठळ्या. आणि साखर आधी नको, रवा टरटरीत राहतो. सत्यनारायणाचं सव्वाचं माप पाहुण्यांना नाही केलं तरी चालतं, पण तुपात हात आखडू नका. त्यापेक्षा शिकरण करा.

---

नव्याने_संसार

साखरेऐवजी गूळ चालेल का? मागे शेवयांच्या खिरीत घातला तर दूध फाटलं.

---

आज्जीची_भाजणी

फाटणारच. उकळत्या दुधात गूळ घालू नये. खीर उतरवून कोमट होऊ द्यावी, मग किसलेला गूळ. पुन्हा गॅसवर चढवायची नाही. पाणी घालून केलेल्या शिऱ्याला गूळ बिनधास्त चालतो.

---

मडगावकार

गुळाचंच हवं असेल तर रोसातले फोव, म्हणजे नारळाच्या रसातले पोहे. आमच्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे नरकासुर जाळून झाला की घरोघरी पाच-सहा प्रकारचे फोव असतात, ताकातले, बटाट्याचे, गोड, तिखट. त्यांतले माझे आवडते हे. नारळ खवून कोमट पाण्यात मिक्सरमधून काढून पिळायचा, त्या रसात किसलेला गूळ विरघळवायचा, वेलची, मीठाची कणी. धुवून निथळलेले पोहे वाढायच्या पाच मिनिटं आधी त्यात. गॅस नाहीच, त्यामुळे फुटण्याची भीतीही नाही. खवलेला नारळ फ्रीझरमध्ये असेल तर दहा मिनिटांत. (बत्ताशेठ, पिळणं धरून.)

---

बत्ता

मान्य.

---

राजवाडा_इंदूर

आमच्या इंदूरचा भुट्ट्याचा कीस सुचवणार होतो. कणसं किसायला पंधरा मिनिटं, दूध आटेपर्यंत वीस. नियमात बसत नाही. दाणे मिक्सरमधून अर्धवट फिरवले तर किसणं वाचतं, पण मग तो कीस नाही, भरडा. माझी माघार. आपापल्या जबाबदारीवर करा.

---

वरणफळ

अवांतर वाटेल, पण संकष्टीला किंवा एकादशीला पाहुणे आले तर?

---

पावणेसात

अवांतर कसलं, उपासाचा बेत तर सगळ्यांत सोपा बसतो. साबुदाण्याचं नाव विसरा, तो आधी भिजलेला लागतो. वरीचे तांदूळ दोन मिनिटं तुपात परतून, तिप्पट उकळतं पाणी, झाकण, पंधरा मिनिटं. शेजारी दाण्याची आमटी: वाटीभर कूट, मिरची, आमसुलं किंवा चिंच, गूळ, मीठ, तुपात जिऱ्याची फोडणी. कूट पाण्याबरोबर मिक्सरमधून काढलं तर आमटी दाट आणि एकजीव होते. सुरुवातीला बटाट्याच्या पातळ काचऱ्या तुपात. गोडाला राजगिऱ्याचे लाडू वाटीत कुस्करून वर थंड दूध.

कोथिंबीर, जिरं चालतं का हे ज्याच्या-त्याच्या घरी विचारा. त्या वादासाठी वेगळा धागा लागेल आणि तो मी काढणार नाही.

---

नव्याने_संसार

सगळ्यांचे आभार. उद्या सासूबाईंच्या मावशी आणि मंडळी येताहेत, सहा जण. पाटवड्या, अर्ध्याचा रस्सा, उघडा भात आणि शिरा असा बेत ठरवतेय. कशानंतर काय करू?

---

तर्रीबाज

पहिले एका शेगडीवर रश्श्याचं पाणी उकळत ठेवा अन् दुसरीवर पाटवड्या उरकून थापून टाका, त्यांना गार व्हायला वेळ लागते. त्याच कढईत, न धुता, खोबरं भाजा. मिक्सर फिरते तोवर पाण्याच्या शेगडीवर भात चढवा, पाणी भाताला अन् रश्श्याला वाटून घ्या. रस्सा उकळायला लागला की भात उतरवा, तिथे शिरा. शिरा गरमच खाल्ला पाहिजे, म्हणून तो शेवटी.

---

नव्याने_संसार

आणि सहा जणांना, दोन्हीकडे पुरवायच्या तर बेसन किती? दोन वाट्या एकदम घेतलं तर चालेल?

---

पावणेसात

दोन वाट्या लागतीलच, पण एकदम नको. घट्ट व्हायला लागलं की एवढा गोळा एका हाताने ढवळला जात नाही, तळाशी लागतो आणि मध्ये कच्चा राहतो. एकेक वाटीचे दोन घाणे करा, दुसऱ्याला जेमतेम सात-आठ मिनिटं. पहिला घाणा जाडसर थापा, तो रश्श्याला. दुसरा पातळ, तो नुसता खायला. कढई जाड बुडाची नसेल तर नॉनस्टिकमध्ये करा, आणि ताटाला तेल आधीच लावून ठेवा. पीठ तयार झाल्यावर तेलाची बुधली शोधायला वेळ नसतो.